बारा मार्कांसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचू का?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातली. अकरावी-बारावी लातूरला केली, नीटला सरकारी सीट थोडक्यात हुकली आणि बाबांनी कर्ज काढून मला किर्गिझस्तानात बिश्केकला पाठवलं. डिग्री घेऊन आले. आता इथे डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनसाठी एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्यांची परीक्षा, पास व्हायची आहे. पहिल्यांदा 131 आले, दुसऱ्यांदा 138. पुण्यात रूम घेऊन राहते. रोज चौदा-चौदा तास बसते, सगळी लेक्चर्स टू-एक्सवर दोनदा पाहून झाली, पाच रंगांच्या पेनांनी नोट्स काढल्या, तरी पेपरमध्ये दोन पर्यायांत अडकते. पुढच्या सत्राला साडेतीन महिने आहेत. अ‍ॅनाटॉमीपासून पुन्हा सुरुवात करू का? क्लास बदलू का? एका नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणतात, तोवर रात्रपाळीला ये, महिन्याला चांगले पैसे देतो. घरी पैशांची ओढाताण आहे. टेलिग्रामवर एक जण पेपर आधी मिळेल म्हणतो, मी उत्तर दिलेलं नाही. बाबा रोज रात्री फोन करतात आणि ‘झाला का अभ्यास?’ एवढंच विचारतात. त्यांना काय सांगू?
– तिसऱ्यांदा बसणारी

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या 138 भोवती मी आधी पेनने गोल केला. तीनशे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला 150. म्हणजे बारा प्रश्न. पण या बाराला तू फार छोटंही समजू नकोस. चार पर्यायांच्या पेपरात डोळे मिटून गोल भरले तरी सरासरी पंचाहत्तर मार्क पडतात, त्यामुळे तुझ्या 138 मधले बरेचसे नशिबाने आलेले असणार. घरी सोडवलेल्या पेपरात 170 येऊ लागले की परीक्षेच्या दिवशी 150 हातात आहेत असं धर. तुझं लक्ष्य ते.

अ‍ॅनाटॉमीपासून सुरुवात करू नकोस. हे मी जोर देऊन सांगते, कारण तिसऱ्यांदा बसणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी-मुलगा हेच करतो. पहिल्या वर्षाच्या पहिल्या विषयापासून नव्याने पाटी कोरी करायची, दीड महिना हाता-पायांच्या नसा आणि क्रेब्स सायकलमध्ये घालवायचा, आणि मेडिसिन-गायनिकला हात लावेपर्यंत शेवटचे तीन आठवडे उरलेले. मार्कांची वाटणी बघ. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी 17. पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी 13. फॉरेन्सिक 10. हे झाले शंभर. उरलेले दोनशे क्लिनिकल विषयांचे: मेडिसिन 33, सर्जरी 32, गायनिक 30, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य 30, आणि मग मुलांचे आजार, डोळे, कान-नाक-घसा यांना प्रत्येकी 15. नेत्र आणि ईएनटी मिळून तीस होतात, म्हणजे गायनिकइतकेच, आणि वाचायचं मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी. मानसोपचार, त्वचा, रेडिओथेरपी, भूल, हाडं, रेडिओलॉजी यांचे पाच-पाच धरले तर आणखी तीस. या बारक्या विषयांना मुलं ‘शेवटी बघू’ म्हणतात आणि ते शेवटपर्यंत राहतात. तू पीएसएमपासून सुरू कर, मग गायनिक, मग नेत्र-ईएनटी. अ‍ॅनाटॉमीला तिच्या सतरा मार्कांइतकाच वेळ दे.

पीएसएम पहिलं का, ते सांगते. बाहेर शिकून आलेल्या मुलांचा पाय नेमका तिथेच घसरतो. हृदय बिश्केकमध्येही हृदयच असतं, पण आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, आशा-एएनएमची कामं तिथे कुणी शिकवत नाही. तू ते पीडीएफमधून घोकलंस, म्हणून दोन पर्यायांत अडकतेस. गावी गेलीस की लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत दोन तास जाऊन बस. नर्सबाईंना सांग, मी डॉक्टरकीची परीक्षा देतेय, मला बघू द्या. त्या आयांना ‘सहा, दहा, चौदा आठवडे’ असं सांगत नाहीत, ‘दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने’ सांगतात. बीसीजी डाव्या दंडावर, पेंटा डाव्या मांडीत, गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर उजव्या दंडावर, हे एकदा समोर रडणाऱ्या बाळाच्या अंगावर पाहिलंस की पुन्हा पाठ करावं लागणार नाही. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो काढून आण आणि तो पीएसएमच्या वहीत पहिल्या पानावर चिकटव.

याच ओघात नोट्सबद्दल. सिनियरकडून मिळालेल्या झेरॉक्स वापरत असशील तर त्या किती जुन्या आहेत ते आधी बघ. इंजेक्शनने द्यायच्या पोलिओ लसीचा तिसरा अंशात्मक डोस नऊ महिन्यांना 2023 पासून सुरू झाला. क्षयरोग कार्यक्रमाचं नाव 2020 मध्ये बदललं. फॉरेन्सिकमध्ये तर 1 जुलै 2024 पासून कलमंच नवी आली: हलगर्जीपणाने मृत्यूचं 304-अ आता भारतीय न्याय संहितेत 106 आहे, आणि पोलिसांच्या मरणोत्तर चौकशीचं 174 नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 194. जुन्या नोट्समधून हे मन लावून पाठ केलंस तर मेहनत करून चुकशील.

आता तुझ्या चौदा तासांकडे येते. माझ्या मते तुझा खरा प्रश्न हाच आहे. लेक्चर बघणं, अधोरेखित करणं, नोट्स पुन्हा वाचणं यात माहिती फक्त आत जाते. परीक्षेत ती बाहेर काढावी लागते, आणि तो सराव तू केलेलाच नाहीस. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं होतं. काहींनी उतारा पुन्हा-पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

आणि हे तुला नवीन नाही गं. लातूरला दोन वर्षं काय केलंस? शिकवलं की टेस्ट, रविवार आला की पेपर, सोमवारी चुका. बारावीला तू धडा किती वेळा वाचलास यापेक्षा किती वेळा लिहिलास ते मोजायचीस. डिग्रीच्या वर्षांत ती सवय सुटली, कारण तिथे तोंडी परीक्षा, रशियन भाषा, थंडी आणि एकटेपणा यातून वर्ष पार पाडणं हेच मोठं काम होतं. ती सवय परत आण.

कसं, ते एका धड्यावर दाखवते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घे. चाळीस मिनिटं वाच. मग पुस्तक, मोबाईल, सगळं बंद. कोरा कागद घे आणि लिही: किती रक्त गेलं की रक्तस्राव म्हणायचा, चार कारणं कोणती, आधी काय द्यायचं, मग काय. आठवणार नाही. डोकं खाजवशील, उघडून बघावंसं वाटेल. पाच मिनिटं तशीच बस. त्या पाच मिनिटांत जे होतं तोच अभ्यास. मग उघड आणि जे सुटलं ते लाल पेनने भर. एकच लाल पेन, बाकीचे चार रंग ठेवून दे. तोच कागद तीन दिवसांनी पुन्हा कोऱ्या पानावर, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. लाल शाई प्रत्येक वेळी कमी होत गेलेली तुझी तुला दिसेल.

दोन पर्यायांत अडकण्यावर उपाय वेगळा आहे. या परीक्षेत चुका होतात त्या जुळ्या गोष्टींमध्ये, म्हणून त्या जोडीनेच शिकायच्या. मेथर्जिन बीपी वाढलेल्या बाईला नको, कार्बोप्रोस्ट दमा असलेल्या बाईला नको. एकेकटं वाचलं की दोन्ही ‘रक्तस्रावाची औषधं’ म्हणून एकाच डब्यात जातात. फाशीचा वळ तिरका, मानेच्या वरच्या भागात आणि पूर्ण न फिरलेला. गळा आवळल्याचा आडवा, खाली आणि सगळीकडून फिरलेला. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीचं, म्हणजे एखादी तपासणी किती अचूक याचं, गणित कधीही मनातल्या मनात करू नकोस, चार घरांचा चौकोन प्रत्येक वेळी कागदावर काढ, अगदी शंभरावा प्रश्न असला तरी. परीक्षा केंद्रावर घाम फुटलेला असतो तेव्हा हातच मदतीला येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची वही. परीक्षेनंतर आपल्याला पेपर हातात मिळत नाही, कुठला प्रश्न चुकला हे कळत नाही. म्हणून घरच्या पेपरातली प्रत्येक चूक सोन्यासारखी जपायची. रोज साठ-सत्तर प्रश्न सोडव, आणि त्यातला चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरव. पण स्पष्टीकरणाची दोन पानं उतरवायची नाहीत. उतरवायचं ते हे: माझं डोकं कुठे वळलं?

उदाहरण देते. पस्तीस वर्षांचा शेतकरी, कीटकनाशक पिऊन आलेला, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर, नाडी 48. अ‍ॅट्रोपिन चालू केलं. ते पुरेसं झालं हे कशावरून ठरवाल? मला खात्री आहे, तू ‘बाहुल्या मोठ्या झाल्या’वर बोट ठेवशील. उत्तर आहे, छातीतला स्राव आटून दोन्हीकडे श्वास मोकळा ऐकू येणं. वहीत लिहायचं: ‘टाचणीएवढ्या बाहुल्या ही विषबाधेची खूण पाठ होती, शब्द दिसला आणि उचलला. प्रश्न खुणेचा नव्हता, डोस कुठवर द्यायचा याचा होता.’ बस, दोन ओळी. अशा दीडशे चुका लिहून झाल्या की तुला तुझा साचा दिसेल. कुणी ‘सोडून’ हा शब्द वाचतच नाही, कुणी पहिलं बरोबर उत्तर खोडून दुसरं देतं, कुणाला खरंच येत नसतं. या तिन्हींचा इलाज एक नाही, आणि खरंच येत नाही असे प्रश्न तुला वाटतात त्याहून बरेच कमी निघतील.

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला. ग्रामीण रुग्णालयात मी तेरा वर्षं काढली. असा रुग्ण आला की नातेवाईक ‘औषध पिलं’ एवढंच सांगायचे, बाटली घरी राहिलेली असायची. पहिल्या वर्षी मीही बाहुल्यांकडे टॉर्च मारून अ‍ॅट्रोपिन थांबवलं होतं. एका वयस्कर नर्सबाईंनी माझ्या हातात स्टेथोस्कोप दिला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, छाती ऐका आधी.’ छाती अजून भरलेली होती. पुन्हा चालू केलं. तो माणूस वाचला. हा प्रश्न तुझ्यासाठी एका मार्काचा आहे आणि पुढच्या वर्षी इंटर्नशिपला, रात्री दोनला, तो खाटेवर येणार आहे. असं समजून शिकलीस तर पाठ करायचं ओझं वाटत नाही.

विंचूदंशाचंही तसंच. ‘लाल विंचू चावला, फुप्फुसात पाणी, कुठलं औषध?’ याचं उत्तर प्राझोसिन. हे महाडच्या दवाखान्यात, कोकणातल्या गरीब रुग्णांवर उपचार करताना डॉ. हिंमतराव बावसकरांनी निरीक्षणातून दाखवून दिलं आणि जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोचवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं इंजेक्शन म्हणजे आपलं अँटी-स्नेक व्हेनम, हेही तुला शिवारातल्या नावांनी आधीपासून माहीत आहे. इंग्रजी नावाशेजारी मराठी नाव लिहून ठेव. शेतकऱ्याच्या मुलीला हे मार्क सोडायचा हक्क नाही.

वेळेबद्दल. पेपर दोन भागांत, दीडशे-दीडशे प्रश्न, दोन्हीला अडीच-अडीच तास. प्रश्नाला एक मिनिट. विभागही वेळेने बांधलेले असतात, एका विभागाची वेळ संपली की मागे जाता येत नाही. म्हणून ‘नंतर बघू’ ही सवय आत्तापासून मोड. अडलेल्या प्रश्नाला जास्तीत जास्त दीड मिनिट, मग जे बरं वाटतं ते भर आणि पुढे हो. एकही गोल रिकामा सुटता कामा नये. येत्या रविवारी, काहीही न वाचता, एक पूर्ण पेपर सोडव, सकाळी अडीच तास आणि जेवून दुपारी अडीच तास. 125 आले तरी चालेल, आपल्याला सुरुवातीचा दगड हवा आहे. पुढे दर दुसऱ्या रविवारी एक, शेवटच्या महिन्यात दर रविवारी. पेपरनंतरचा दिवस पूर्ण चुकांच्या वहीला. पेपरामागून पेपर सोडवून चुका न बघणं म्हणजे रक्त तपासायला देऊन रिपोर्ट न आणणं.

चौदा तास बसू नकोस. आठ-नऊ तास पुरेत, पण कागद-पेन हातात असलेले. आणि सात तास झोप. झोपेत आठवणी पक्क्या होतात, ती कापून मिळवलेले तास फुकट जातात. क्लास बदलायची गरज नाही. तुझ्याकडे शिकवणाऱ्यांची कमतरता नाही, एक प्रश्नसंच निवड आणि तोच दोनदा पूर्ण कर.

नर्सिंग होमची रात्रपाळी घेऊ नकोस. मला तुमच्या घरची ओढाताण समजते आणि तरी सांगते. रजिस्ट्रेशन नसताना डॉक्टर म्हणून काम करणं हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याने गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रात्री काही बरं-वाईट झालं तर सही तुझी असेल, ते डॉक्टर घरी झोपलेले असतील. पैशांची अडचण असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकव, दिवसाला दीड तास, त्याहून जास्त नाही. लातूरच्या मुलीला पुण्यात शिकवण्या मिळतील. शिकवणं हेही आठवून बोलणंच आहे, तुझी फिजिओलॉजी त्यात आपोआप घोटली जाईल.

टेलिग्रामवाल्याला उत्तर दिलं नाहीस, फार चांगलं केलंस. ब्लॉक कर. असे लोक पैसे घेऊन गायब होतात, आणि गैरप्रकारात नाव आलं तर परीक्षेची दारंच बंद होऊ शकतात. या परीक्षेला किती वेळा बसावं यावर मर्यादा नाही. तुझ्याकडे सरळ रस्ता आहे.

आता बाबा. ते ‘झाला का अभ्यास?’ विचारतात, कारण त्यांना दुसरं काय विचारावं हे माहीत नाही. तू ‘हो’ म्हणतेस, ते ‘बरं’ म्हणतात, आणि दोघंही फोन ठेवून छताकडे बघत बसता. त्यांना एकदा नीट समजावून सांग: तीनशेपैकी दीडशे लागतात, मागच्या वेळी 138 होते, अनेक सत्रांत बसलेल्या पाच जणांतला एखादाच पास होतो, पास झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन आणि वर्षभराची इंटर्नशिप असते. कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला आकडे समजतात, त्यांना अंधारात ठेवू नकोस. रोजच्या फोनवर अभ्यासाचं बोलायचं नाही असं ठरवा. पाऊस, म्हैस, आईचे गुडघे, काहीही बोला. आणि ज्या रविवारी पेपर असेल त्या संध्याकाळी तू आपणहून फोन कर आणि त्या दिवशीचे मार्क सांग. कमी आले असतील तरी सांग. त्यांना म्हणावं, घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा.

तुझी,
डॉक्टर मॅडम